उशीर झालेल्या माणसाचा धर्म

डिसेंबर १९७०. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं प्रिन्स्टन हे गाव. दोन इमारतींमधल्या एका बोळात, एका दारापाशी एक माणूस मान टाकून, डोळे मिटून बसला होता. कोणी जवळून गेलं की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. तीन दिवस, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, त्या बोळातून चाळीस तरुण एकेकटे गेले. सगळे प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीचे विद्यार्थी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास करणारे. थांबून विचारपूस करणारे, किंवा निदान पुढे जाऊन कोणाच्या तरी कानावर घालणारे निघाले सोळा. बाकीचे चोवीस तसेच निघून गेले.

तो माणूस आजारी नव्हता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातले प्राध्यापक जॉन डार्ली आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल बॅट्सन यांनी रचलेल्या प्रयोगातला तो एक सहकारी होता. कोणी थांबून विचारलंच, तर काय बोलायचं हेही ठरलेलं होतं: श्वासाचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिलेली गोळी आत्ताच घेतली, थोडा वेळ बसलो की बरं वाटेल, थांबलात त्याबद्दल आभार. समोरचा फारच आग्रह करायला लागला, तर त्याच्याबरोबर आत जाऊन बसायचं.

विद्यार्थ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एका इमारतीत बोलावून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मग शेजारच्या इमारतीत जाऊन तीन ते पाच मिनिटं बोलायचं आहे, ते ध्वनिमुद्रित होणार आहे, असं सांगितलं गेलं. निम्म्यांचा विषय होता सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्यांना कुठली कामं मानवतील. उरलेल्या निम्म्यांना बोलायचं होतं लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारू मारून अर्धमेला टाकून जातात. आधी एक याजक येतो, पाहतो, बाजूने निघून जातो. मग मंदिराची सेवा करणारा एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी ज्याला यहुदी लोक जवळही करत नसत असा शोमरोनी येतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उताऱ्याच्या ठिकाणी नेतो आणि पुढच्या खर्चाचीही सोय करतो. हा दाखला नुकताच वाचून, त्यावर काय बोलायचं याची मनाशी जुळवाजुळव करत काही विद्यार्थी त्या कण्हणाऱ्या माणसाच्या पुढून गेले.

प्रयोगातला खरा फरक आणखी एका वाक्यात होता. काहींना निघताना सांगितलं, अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल. काहींना सांगितलं, तिकडचे लोक तयार आहेत, लगेच जा. आणि काहींना घड्याळाकडे बघत सांगितलं, अहो, तुम्हाला उशीर झालाय, ते केव्हाची वाट बघतायत, निघा लवकर. ज्यांना घाई नव्हती त्या आठांपैकी पाच जण थांबले. मधल्या बावीस जणांपैकी दहा. उशीर झालेल्या दहांपैकी एक.

टक्केवारीत मांडलं तर ६३, ४५ आणि १०. १९७३ मध्ये या प्रयोगावरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी हे तीन आकडे पाठ्यपुस्तकांतून हललेले नाहीत. धर्मावर श्रद्धा का आहे, कशासाठी आहे, याबद्दल विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत जे लिहिलं होतं, त्यावरून कोण थांबेल आणि कोण नाही हे ओळखता आलं नाही. एक चमत्कारिक गोष्ट मात्र दिसली. जे थांबले त्यांच्यात मतांनी जास्त पक्के असलेले काही जण त्या माणसाचं ऐकूनच घेत नव्हते. तो बरा आहे म्हणाला तरी त्याला आत नेण्याचा, काहीतरी पाजण्याचा त्यांचा आग्रह सुटेना. ज्यांना धर्म म्हणजे अजून न संपलेला शोध वाटत होता, ते त्याचं म्हणणं ऐकून, तशी जरूर लागली तर सांगा म्हणून पुढे गेले. या निष्कर्षाची चर्चा त्या तीन आकड्यांपुढे फारच कमी झाली. खरं तर ज्याला मदत करायची त्याचं ऐकायचं की नाही, हा धर्माचरणातला मोठाच प्रश्न आहे.

हा प्रयोग ज्या विभागात झाला, त्याची घडणही समजून घेण्यासारखी आहे. प्रिन्स्टनमध्ये १८९३ साली जेम्स मार्क बाल्डविन यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा हा विषय तत्त्वज्ञानाच्याच घरात नांदत होता. १९२४ साली ईनो हॉल ही इमारत केवळ मानसशास्त्रासाठी उभी राहिली. अशी ती अमेरिकेतली पहिलीच, आणि तिच्या दारावर ग्रीक अक्षरांत ‘स्वतःला ओळख’ हे वचन कोरलेलं आहे. पुढे विभागाने जागा बदलल्या, माणसं बदलली. पण तत्त्वज्ञानाचा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर घ्यायचा आणि उत्तर आलं की ते पुन्हा तत्त्वज्ञानाच्या दारात नेऊन ठेवायचं, ही देवघेव तिथे टिकली. बॅट्सन हे तिचंच उदाहरण. त्यांनी आधी त्याच सेमिनरीतून धर्मशास्त्रातली डॉक्टरेट घेतली आणि लगोलग विद्यापीठातून मानसशास्त्रातली. ज्यांना त्यांनी त्या बोळातून चालवलं, ते परके कोणी नव्हते. त्यांच्याच सेमिनरीतली मुलं होती.

डार्लींच्या मनात हा प्रश्न आला तो वेगळ्या वाटेने. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस जण बघत राहिले आणि कोणी पोलिसांना फोनही केला नाही, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. सगळीकडून शहरी माणसाच्या निर्दयपणावर प्रवचनं सुरू झाली. डार्ली आणि बिब लाताने हे दोन तरुण संशोधक तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: माणसं इतकी होती म्हणूनच कोणी हललं नाही, असं तर नसेल? १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माइकवरून बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याला झटका आल्याचं भासवलं होतं. ऐकणाऱ्याला आपण एकटेच ऐकतोय असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघं ऐकतायत अशी समजूत होती तेव्हा ३१ टक्के. माणसं तीच, फक्त आजूबाजूच्या गर्दीचा अंदाज वेगळा.

इथे धर्मचिंतनापुढे एक अडचण उभी राहते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीने ढकलावं तसा, माणूस पाप का करतो. श्रीकृष्णाचं उत्तर आहे काम आणि क्रोध. आपल्या परंपरेने पुढे त्यात लोभ, मोह, मद, मत्सर मिळवून षड्रिपूंची यादी पक्की केली. साधनेचा सगळा भर या आतल्या शत्रूंना जिंकण्यावर. ख्रिस्ती परंपरेतली सात महापापंही आतलीच. प्रिन्स्टनच्या त्या बोळातून घाईत निघून गेलेल्या नऊ जणांना मात्र यातल्या एकाही शत्रूने गाठलं नव्हतं. लोभ नाही, मत्सर नाही, क्रोध तर नाहीच. त्यांना फक्त उशीर झाला होता. षड्रिपूंमध्ये घाईचं नाव नाही.

तत्त्वज्ञांनी यातून थेट टोक गाठलं. प्रिन्स्टनच्याच तत्त्वज्ञान विभागातले गिल्बर्ट हार्मन यांनी १९९९ च्या एका निबंधात म्हटलं की ज्याला आपण शील किंवा चारित्र्य म्हणतो, तशी टिकाऊ चीज माणसात असते याला पुरावाच नाही. वागणुकीतले फरक परिस्थितीतून येतात आणि आपण ते माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडतो. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या सद्गुणांच्या नीतिशास्त्राच्या मुळालाच त्यांनी हात घातला. जॉन डॉरिस यांनी २००२ साली याच अंगाने आख्खं पुस्तक लिहिलं.

हार्मन यांचा निष्कर्ष घाईचा आहे. दहांपैकी नऊ गेले हे खरं, तसंच एक थांबला हेही खरं. त्यालाही तेच वाक्य सांगितलं होतं, त्याच्याही डोळ्यांपुढे घड्याळ होतं. आणि घाई नसलेल्या आठांपैकी तिघं, ज्यांना कोणी हाकलत नव्हतं, तेही निघून गेले. परिस्थितीच सगळं ठरवत असती तर हे चौघं झालेच नसते. पैठणच्या एकनाथांची गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरात सांगितली जाते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, शेकडो कोस चालून झालेलं, आणि वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसल्यावर नाथ ते पाणी त्याच्या तोंडात ओततात. बरोबरचे लोक हळहळतात. ही आख्यायिका आहे, प्रयोगाचा पुरावा नव्हे. पण तिच्यात एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. नाथांना यात्रा अर्धवट टाकायला कोणी भाग पाडलं नव्हतं, तसं ती अमुक दिवशी संपलीच पाहिजे असंही कोणी बजावलं नव्हतं. कीर्तनकार ही कथा सांगताना नाथांच्या अंतःकरणाची थोरवी गातात, ते योग्यच आहे. त्या थोरवीला वाव देणारी मोकळीकही नाथांच्या चालण्यात होती, तिचा उल्लेखही करायला हवा.

डार्ली आणि बॅट्सन हार्मन यांच्याइतके पुढे गेले नाहीत. निबंधाच्या शेवटी त्यांनी एक निरीक्षण नोंदवलं आहे, आणि त्यांच्या सचोटीची खूण म्हणून ते मोलाचं आहे. न थांबता गेलेले काही विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत पोचले तेव्हा अस्वस्थ होते. त्यांनी माणूस पाहिला होता. ते निर्दय नव्हते, ओढाताणीत सापडले होते. कारण पुढे कोणीतरी त्यांची वाट बघत होतं आणि आपल्यामुळे त्याचं काम अडेल अशी त्यांची समजूत करून दिलेली होती. म्हणजे त्यांची घाई स्वतःसाठी नव्हतीच, दिलेल्या शब्दासाठी होती. बॅट्सन पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि १९७८ साली हाच धागा त्यांनी तपासला. तुमच्या येण्यावर आमचं फारसं अडलेलं नाही असं सांगितलेले विद्यार्थी घाईतही बहुतेक थांबले. तुमची फार गरज आहे असं सांगितलेले घाईत निघून गेले. एका कर्तव्याने दुसऱ्या कर्तव्याचा गळा धरला होता.

नोकरीची वेळ गाठणाऱ्या, आईला दवाखान्यात पोचवायला निघालेल्या, पोराच्या परीक्षेसाठी धावणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. मुंबईच्या लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत माणुसकी आटलेली नसते. ती ८:१२ ची गाडी पकडायच्या जबाबदारीखाली दबलेली असते. म्हणूनच ‘तू चांगला आहेस का’ हा एकच प्रश्न पुरत नाही. ‘तुला कोणी घाई लावली, आणि कशासाठी’ हाही धर्माचाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर घड्याळं लावणाऱ्यांनी द्यायचं आहे. मालकाने, साहेबाने, शाळेने, आणि हो, मठ-मंदिरांनीही.

या प्रयोगाला एक नैतिक किंमत होती. माणसांना फसवल्याशिवाय तो करताच आला नसता. प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटी खरं काय ते सांगण्यात आलं, त्याच्याशी बोलणं झालं, आणि कोणी राग धरला नाही असं निबंधात नमूद आहे. तरीही विचार करावा. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलाला एका दुपारी कळतं की आपण शोमरोन्याची गोष्ट घोकत शोमरोन्याच्याच वाटेवरून निघून गेलो. हे ओझं त्याने मागितलं नव्हतं. संशोधकाने ते त्याच्या खांद्यावर ठेवलं. अशा प्रयोगांची आधी समितीकडून कसून छाननी व्हावी, असा दंडक पुढच्या दशकात अमेरिकेत घट्ट झाला, ते बरंच झालं. ज्ञानाची ओढ कितीही खरी असली तरी ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस साधन होता कामा नये.

विद्येच्या घराची पारख त्याच्या गाजलेल्या प्रयोगांपेक्षा, तिथले लोक आपल्याच निष्कर्षांशी कसे वागतात यावर होते. १९७५ साली अँथनी ग्रीनवाल्ड यांनी याच प्रयोगाची आकडेमोड पुन्हा केली. दाखल्यावर बोलणार होते त्यांच्यापैकी ५३ टक्के थांबले होते, दुसऱ्या विषयावर बोलणार होते त्यांच्यापैकी २९ टक्के. चाळीस माणसांच्या नमुन्यात या फरकावरून ठाम काही म्हणता येत नाही हे बरोबर. पण म्हणून दाखल्याचा परिणामच नाही असंही म्हणता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. ‘धर्मग्रंथ वाचून काही फरक पडत नाही’ असं या प्रयोगाचा दाखला देत सांगणारे अजूनही भेटतात, त्यांनी हा आक्षेप वाचायला हवा. जिनोव्हीज प्रकरणाचंही तेच झालं. अडतीस साक्षीदारांची बातमी फुगवलेली होती, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं आणि २०१६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही ती चूक मान्य केली. लाताने आणि डार्ली यांचे प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत, पण त्यांच्यामागची कथा दुरुस्त करून सांगावी लागते.

प्रिन्स्टनच्या याच मानसशास्त्र विभागातले डॅनियल कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २०११ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी नकळत होणाऱ्या सूचनांच्या प्रभावाबद्दलचे काही प्रयोग निःशंकपणे मांडले होते. ते प्रयोग पुन्हा करून बघताना टिकेनात. तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी त्या क्षेत्रातल्या संशोधकांना खुलं पत्र लिहून आपलं काम आपणच तपासा असं बजावलं, आणि २०१७ मध्ये, छोट्या नमुन्यांवरच्या अभ्यासांवर आपण नको तितका विश्वास ठेवला, हे जाहीरपणे कबूल केलं. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, आणि नोबेल मिळवलेल्या माणसाला असं बोलायची कोणी सक्ती केली नव्हती. पारितोषिकापेक्षाही या कबुलीला विभागाच्या जमेच्या बाजूला वरचं स्थान द्यावं.

स्वभाव की परिस्थिती, हा प्रिन्स्टनमधला प्रश्न २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून थेट उसाच्या फडात पोचला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी केली. शफीर हे प्रिन्स्टनच्या मानसशास्त्र विभागातले. उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो. तोड होऊन बिल जमा होण्याआधीचे महिने उसनवारीचे, सोनंनाणं गहाण टाकण्याचे. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला हे फोडून सांगायला नको. तमिळनाडूतल्या त्या भागात तोडीची पाळी कारखाना ठरवतो आणि ती गावोगाव वेगवेगळ्या महिन्यांत येते. त्यामुळे फरक ऋतूमुळे पडला की पैशामुळे, हे वेगळं करता येत होतं. त्याच शेतकऱ्याला तोडीआधी आणि तोडीनंतर बुद्धीची, लक्ष एकाग्र करण्याची साधी कोडी घातली. तोडीआधी तो कमी पडला, तोडीनंतर तोच माणूस सरस ठरला.

हा अभ्यास निर्विवाद नाही. अमेरिकेत पगाराच्या दिवसाआधी आणि नंतर अशीच तुलना करणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. त्यामुळे किती परिणाम आणि कुठे, हे अजून ठरायचं आहे. पण ‘गरिबाला अक्कल नसते म्हणून तो गरीब’ ही जी समजूत पारावर आणि बँकेच्या काउंटरवर सारखीच ऐकू येते, तिला या शेतकऱ्यांनी स्वतःच्याच दोन वेळच्या उत्तरांनी आव्हान दिलं आहे. पूर्वजन्मीचं संचित म्हणून दारिद्र्याचं समर्थन करणाऱ्यांनीही यावर विचार करावा. कर्म बदललं नव्हतं, तोड झाली होती.

आपल्या देशात रस्त्यावर पडलेल्या माणसाचा प्रश्नही, दोष स्वभावाला द्यायचा की परिस्थितीला, या दोन टोकांमध्ये अडकून होता. अपघातानंतर लोक जमतात, बघतात, व्हिडिओ घेतात आणि उचलत कोणी नाही, यावर अग्रलेखांतून माणुसकीच्या नावाने पुष्कळ अश्रू ढाळून झाले. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ साली देशातल्या काही शहरांत लोकांनाच विचारलं. ७४ टक्के म्हणाले की आम्ही बहुधा मदत करणार नाही. कारण विचारल्यावर पोलिसांचा ससेमिरा, कोर्टाच्या चकरा, दवाखान्यात अडकून पडण्याची भीती पुढे आली. संस्थेने त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणारा भल्या हेतूने धावला असेल तर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. सप्टेंबर २०२० च्या नियमांप्रमाणे पोलीस त्याला नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं असतं. कायद्यातलं त्याचं इंग्रजी नाव लूकच्या दाखल्यातल्या त्या शोमरोन्यावरूनच घेतलेलं आहे.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत प्रवेशद्वारापाशी किंवा ठळक जागी लावली पाहिजे. वाचकांनी आपल्या गावातल्या, तालुक्याच्या रुग्णालयात पुढच्या वेळी गेल्यावर ती मराठीत लावली आहे का ते पाहावं. नसेल तर तिथल्या अधिकाऱ्यांना लेखी विचारावं, आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कलम १३४-अ समजावून सांगावं.